ऊस वाहतूक, रस्ता आणि आपले दुर्लक्ष



गव्हाणीत मोळी पडली आणि गाळप हंगाम सुरू झाला, की आपल्या बारामती-इंदापूर भागातले रस्ते रात्रंदिवस जागे राहतात. टोळ्या फडात उतरतात, मुकादमाच्या हाका सुरू होतात, बैलगाड्यांची रांग लागते आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर काट्याच्या दिशेने निघतात. या अंकातून आपण लागण, खोडवा, ठिबक, हुमणीचा बंदोबस्त आणि एकरी उतारा यांविषयी नेहमी वाचता. आज मात्र फडापासून वजनकाट्यापर्यंतच्या रस्त्याविषयी चार गोष्टी बोलायच्या आहेत. ऊस आपला, ट्रॉली आपली, ड्रायव्हर आपल्या ओळखीचा, आणि त्या रस्त्यावर जो माणूस पडतो तोही बहुधा आपल्याच शिवारातला असतो.

अपघात झाला की आपल्याकडे दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. माणूस गेला तर "त्याची वेळच आली होती", आणि वाचला तर "काळ आला होता पण वेळ आली नव्हती". सांत्वनाला ही वाक्ये बरी आहेत. पण नशिबाला बोल लावला की आपली जबाबदारी संपली असे वाटू लागते, आणि दुसऱ्या दिवशी तीच ट्रॉली त्याच अवस्थेत पुन्हा रस्त्यावर येते. उसाला लोकरी मावा पडला तर आपण नशीब म्हणून गप्प बसत नाही, कारण शोधतो. तोच न्याय रस्त्यालाही लावला पाहिजे.

फिर्यादीतला शब्द

अपघाताची फिर्याद ज्यांनी कधी वाचली असेल त्यांना तिची भाषा पाठ असेल. "हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून." वर्षानुवर्षे हेच शब्द लिहिले जात आहेत. आपण ते कागदी भाषा म्हणून सोडून देतो. पण नीट पाहिले तर शेवटचा शब्द फार महत्त्वाचा आहे: दुर्लक्ष. वेग डोळ्याला दिसतो, दारूचा वास येतो, पण दुर्लक्ष मागे खूण ठेवत नाही. म्हणून ते मोजलेही जात नाही.

सरकारी आकडे पाहू. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दर तासाला सरासरी १९ माणसे. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ माणसे गेली. रोजची चाळीसहून अधिक. मेलेल्यांत शंभरापैकी सुमारे ४४ जण दुचाकीवरचे होते. आणि धडकेचा सर्वांत मोठा प्रकार कोणता, तर मागून बसलेली धडक. दर पाच अपघातांत एक या जातीचा. उसाच्या ट्रॉलीवर होणारा अपघातही बहुतेक वेळा याच जातीचा असतो.

याच अहवालात मोबाईलमुळे गेलेल्यांचा आकडा साडेतीन हजारांच्या आतच आहे, तर सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर मांडले आहेत. वेग हे कारण खोटे नाही. पण जो जखमी झाला किंवा गेला, त्याचे डोळे त्या क्षणी कुठे होते, हे सांगायला कोण येणार?

हे शोधण्यासाठी अमेरिकेत एक प्रयोग झाला. व्हर्जिनिया राज्यातल्या संशोधकांनी शंभर मोटारींत कॅमेरे बसवले आणि वर्षभर लोकांना नेहमीसारख्या गाड्या चालवू दिल्या. त्याचा अहवाल २००६ साली प्रसिद्ध झाला. टकरींचे चित्रण तपासले तेव्हा दिसले की दहातल्या जवळजवळ आठ टकरींत, टक्कर होण्यापूर्वीच्या तीन सेकंदांत चालकाचे लक्ष रस्त्यावर नव्हते. कोणी फोनवर, कोणी मागे वळून बोलत, कोणी पेंगत, तर कोणी नुसतेच बाजूला बघत होते. दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ नजर रस्त्यावरून हटली की अपघाताचा धोका दुपटीने वाढतो, असेही त्यातून निघाले. ट्रकच्या पाठीवर आपण "नजर हटी, दुर्घटना घटी" वाचून हसतो. शंभर मोटारी आणि वर्षभराचे चित्रण यांतून निघाले ते हेच.

माझ्या ट्रॉलीची गोष्ट

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी स्वतःची गोष्ट सांगतो. काही हंगामांपूर्वीची. पौष महिना, अंगात कापरे भरवणारी थंडी. बारामती-इंदापूर रस्त्यावर माझ्या भरलेल्या ट्रॉलीचा मागचा टायर रात्री अकराच्या सुमारास फुटला. ड्रायव्हरचा फोन आला, "मालक, टायर गेला. काय करू?" मी अंथरुणात होतो. म्हटलं, "दगड लाव, ट्रॅक्टर सोडव आन् ये. सकाळी बघू."

"सकाळी बघू." हे दोन शब्द मी अजून विसरलो नाही.

ट्रॉली अर्धी साईडपट्टीवर, अर्धी डांबरावर. मागे तीन दगड आणि बाभळीची एक फांदी. ऊस इतका लांब भरलेला की फळीच्या बाहेर दोन-अडीच हात लोंबत होता, आणि जो काही लाल तुकडा फळीवर होता तो त्या वाढ्यांमागे झाकून गेलेला. हंगामाच्या सुरुवातीला मी ट्रॉली रंगवून घेतली होती. पाठीवर "आई-वडिलांचा आशीर्वाद" असे झोकदार अक्षरात लिहून घेतले होते, ट्रॅक्टरला गोंडे, माळा आणि मोठा साउंड बसवला होता. त्यावर हजारो रुपये गेले. रंग मारताना जुन्या रेडियमच्या पट्ट्यांवरही रंग फिरला. त्या पुन्हा लावायच्या राहून गेल्या.

पहाटे पाचच्या सुमारास एक पोरगं मोटारसायकलवरून डेअरीला दूध घालायला निघालं होतं. वय वीस-एकवीस. पोलीस भरतीची तयारी करत होतं, रोज पळायला जायचं. ते सरळ माझ्या ट्रॉलीत घुसलं. जीव वाचला, मांडीचं हाड तुटलं. आत रॉड बसला. भरतीचं मैदान तिथंच संपलं.

दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्याचे वडील बाहेर बाकड्यावर बसले होते. ते माझ्यासारखेच ऊस घालणारे शेतकरी. आरडाओरडा काही नाही. एवढंच म्हणाले, "आण्णा, मागं लाल काय तरी चमकलं आसतं, तर पोरानं बघितलं आसतं." मी मान खाली घातली. नंतर त्या पोराने मला जे सांगितलं ते त्याने वडिलांनाही सांगितलं नव्हतं. म्हणालं, "खिशात फोन वाजला. एका हातानं काढला, कुणाचा हाय ते बघितलं. मान वर केली तर म्होरं ऊस."

आता सांगा, दोष कोणाचा? त्याने दोन सेकंद खाली बघितले हे खरे. पण मी तर संध्याकाळपासून सकाळपर्यंत बघितलेच नव्हते. बहुतेक अपघात असेच होतात. एकाचे दुर्लक्ष दुसऱ्याच्या दुर्लक्षाला जाऊन भेटते. दोघांपैकी एकाने जरी लक्ष ठेवले असते तरी टळले असते. ते पोरगं आता गावात लहानसं दुकान चालवतं, चालताना पाय ओढतं. मला बघून "राम राम आण्णा" म्हणतं. तो राम राम मला जड जातो.

आणखी एक. दुसऱ्या दिवशी ट्रॉली हलवली, पण ते तीन दगड तिथेच राहिले. दोन दिवसांनी मी त्या रस्त्याने गेलो तर दगड डांबरावर तसेच. पुढच्या अपघाताची तयारी मीच करून ठेवली होती. उतरलो आणि स्वतःच्या हाताने ते चारीत टाकले.

दोन सेकंद म्हणजे किती गुंठे?

दोन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. म्हणून आपण ते आपल्या मापात मोजू. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. त्याची एक बाजू साधारण दहा मीटरची.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. दोन सेकंदांत ३३ मीटर. म्हणजे फोनवरचे नाव वाचेपर्यंत सव्वातीन गुंठ्यांची लांबी तिने डोळे झाकून कापली. ताशी ८० ने जाणारी मोटार तेवढ्याच वेळात ४४ मीटर जाते. कोणी म्हणाला, "डोळ्याला पट्टी बांधून चार गुंठे गाडी चालवून दाखव," तर आपण त्याला वेड्यात काढू. पण मोबाईल हातात घेऊन आपण दररोज तेच करतो.

आता पुढचा हिशेब. अडथळा दिसला, की तो काय आहे हे समजून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो. मग गाडी थांबायला लागणारे अंतर वेगळे. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक धरून ढोबळ हिशेब केला, तर ताशी ४० ला सगळे मिळून २७ मीटर, ६० ला ४८ मीटर आणि ८० ला ७४ मीटर लागतात. वेग दुप्पट केला की ब्रेक दाबल्यानंतरचे अंतर चौपट होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आणि डिपरच्या उजेडात रेडियम नसलेली, धुळीने माखलेली ट्रॉली किती लांबून दिसते? चाळीस-पन्नास मीटरच्या आत आल्यावर. समोरून कोणी फुल्ल लाइट टाकून येत असेल तर त्याहूनही कमी. म्हणजे ८० ने येणारा मोटारवाला कितीही लक्ष देऊन चालवत असला तरी अंधारात उभ्या ट्रॉलीपाशी त्याची गाडी थांबू शकत नाही. दिसते पन्नासवर, थांबायला लागतात चौऱ्याहत्तर. मधले चोवीस मीटर म्हणजे धडक. त्याने वेग कमी ठेवायला हवा होता हे खरेच. पण त्या चोवीस मीटरमध्ये आपलाही वाटा आहे. तेच चांगली रेडियम पट्टी दिव्याच्या उजेडात दीडशे मीटरवरून झळकते. तिची किंमत? ट्रॉलीची पूर्ण पाठ आणि दोन्ही बाजू सजवल्या तरी एक टन उसाच्या बिलात भागते.

आमच्या वडिलांच्या काळी रात्री गाडी जुंपायची तर साट्याखाली कंदील टांगल्याशिवाय ती गोठ्यातून हलत नसे. रस्त्यावर मोटार क्वचित यायची, तरी कंदील असायचा. आज मिनिटाला दहा मोटारी येतात, आणि कंदील मात्र गेला.

झोप आणि स्टिअरिंग

दुर्लक्षाचे दुसरे नाव झोप. हंगामात खेपेवर पैसे असल्याने ड्रायव्हर खेप सोडायला तयार नसतो. फडात भरणी, मग रस्ता, मग काट्यावर रांग, मग पुन्हा फड. दिवस कुठे संपला आणि रात्र कुठे सुरू झाली याचा पत्ता नसतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले, की सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचे हात-डोळे दारू प्यालेल्या माणसासारखे मंद होतात. रक्तातील दारूच्या शंभर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम एवढ्या प्रमाणाच्या बरोबरीने. आपल्या कायद्यात ड्रायव्हरसाठी मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे पहाटे सहाला उठलेला आणि रात्री अकरालाही स्टिअरिंगवर असलेला ड्रायव्हर थेंबही न पिता कायद्याच्या मर्यादेबाहेर गेलेला असतो. त्याला तपासायला मात्र कोणतेही यंत्र नाही. त्याला ओळखू शकतो तो फक्त मालक.

बैलगाडीवानाचेही तसेच. बैलांना रस्ता पाठ असतो म्हणून तो उसावर आडवा होतो. बैल रस्ता ओळखतात, पण मागून येणाऱ्या मोटारीचा वेग ओळखत नाहीत. बीड आणि अहिल्यानगर भागातून आलेली ही माणसे घरदार सोडून आपला ऊस तोडतात. त्यांच्या गाडीला मागे रेडियम लावून देणे हे काही उपकार नव्हे, आपले कर्तव्य आहे.

झोप येते म्हणून साउंड मोठा लावतात, हाही घातक उपाय. त्या आवाजात मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही, मागची ट्रॉली सुटली तरी कळत नाही, आणि उसाची मोळी ओढायला मागे लटकलेले शाळेचे पोर पडले तरी त्याची किंकाळी पुढे पोहोचत नाही. ऊस ओढणारी पोरं हा आपल्या गावोगावचा जुना खेळ. आपणही लहानपणी केला आहे. पण तेव्हा बैलगाडी होती, आता दोन ट्रॉल्या आहेत, आणि पहिल्या ट्रॉलीखालून निसटला तरी दुसरीचे चाक मागे असते.

रस्ते सुधारले, सवयी त्याच

आपल्या भागातले रस्ते गेल्या पंधरा वर्षांत फार बदलले. भिगवण, इंदापूरवरून जाणारा पुणे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाला. पाटस, बारामती, इंदापूर मार्गे जाणाऱ्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. ज्या रस्त्याने वारकरी टाळ-मृदंगाच्या गजरात चालतात, बेलवाडीला रिंगण होते, त्या मार्गावर आता मोटारींचा वेग वाढला आहे. रस्ता रुंद झाला म्हणजे निर्धोक झाला असे नव्हे. रुंद रस्त्यावर मोटारवाला निश्चिंत होतो, त्याचे लक्ष सैल पडते, आणि त्याच वेळी पाणंदीतून एखादा ट्रॅक्टर एकदम डांबरावर येतो. मोटार ८० ने येते, ट्रॅक्टर १५ ने चाललेला असतो. त्यांच्यातले शंभर मीटर अंतर साडेपाच सेकंदांत संपते. म्हणून पाणंदीच्या तोंडाशी ट्रॅक्टर पूर्ण उभा करावा, दोन्ही बाजूंना नीट पाहावे आणि मगच वर चढावा.

याहून वाईट सवय म्हणजे उलट्या बाजूने जाणे. दुभाजकातला पुढचा फाटा एक-दीड किलोमीटरवर असतो. डिझेल वाचवायला आपण उलट्या बाजूनेच ट्रॅक्टर घालतो. दिवसा हे चालून जाते असे वाटते. रात्री समोरच्याला एकच दिवा दिसतो, कारण ट्रॅक्टरचा दुसरा दिवा बहुधा बंद असतो, आणि तो समजतो की मोटारसायकल आली. लिटरभर डिझेल वाचले, पण कोणाच्या जिवावर?

रस्त्यात पडलेला ऊसही लक्षात ठेवावा. जास्त भरल्याने वळणावर मोळी सांडते आणि रात्री मोटारसायकल त्यावरून घसरते. नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरून जाणाऱ्या रस्त्यांना बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. तिथे घसरलेला माणूस थेट पाण्यात जातो.

मोटार आणि मोटारसायकल वापरणाऱ्यांसाठी

आता बरेच सभासद मोटार बाळगतात. त्यांच्यासाठीही दोन शब्द. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबतचे जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. गाडी उत्तम प्रतीची होती. पुढे बसलेले दोघे वाचले. मागे बसलेल्या या दोघांनी पट्टा लावला नव्हता असे तपासात सांगण्यात आले. आपल्याकडे मागच्या सीटवर पट्टा लावणारा माणूस भित्रा ठरतो. लग्नाला जाताना सहाजणांच्या गाडीत नऊजण बसतात, आणि त्यात एक लहान मूल पुढच्या मांडीवर असते. धडकेच्या क्षणी ते मूल मांडीवर धरून ठेवणे पैलवानालाही शक्य नसते.

हेल्मेटचे तसेच. "इथंच तर जायचंय" म्हणून ते खुंटीला राहते. माझ्या ट्रॉलीत घुसलेले पोरही घरापासून दोन किलोमीटरवरच होते.

फोन कानाऐवजी यंत्रातून ऐकला तर चालेल का, असे तरुण विचारतात. हात मोकळे राहतात हे खरे, पण मन त्या बोलण्यात अडकलेले असते. डोळे उघडे असूनही समोरचे दिसत नाही. घरी भांडण चालू असताना बायकोने समोर ठेवलेला चहा गार होईपर्यंत दिसत नाही, तसेच. फोन आला तर गाडी बाजूला घ्यावी, उभी करावी, मग बोलावे. महत्त्वाचा असेल तर तो माणूस पुन्हा करीलच.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. हातात मोबाईल धरून वाहन चालवणे हे आता धोकादायक चालवण्यात मोडते. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते. पंधरा वर्षांच्या पोराने ट्रॅक्टर रिव्हर्स घेतला म्हणून कौतुक करणाऱ्यांनी हे वाचावे. हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल जुन्या दंडविधानात दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत आहे.

कायद्याची एक चांगली बाजूही सांगितली पाहिजे. अपघातग्रस्ताला उचलून दवाखान्यात नेले तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, या भीतीने माणसे गाडी न थांबवता पुढे जातात. पण मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली यासाठीच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण कायद्यातच आले. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत विनारोख मिळण्याची केंद्राची योजनाही लागू झाली आहे. म्हणून जखमी दिसला तर थांबावे, १०८ ला फोन करावा. पहिला एक तास मोलाचा असतो. त्या तासात खिशातला तोच मोबाईल जीव वाचवतो.

पुढच्या खेपेआधी

सभासद बंधूंनो, हंगाम थांबवा असे कोणी म्हणत नाही. ऊस वेळेवर गेला पाहिजे, नाहीतर वजन घटते, उतारा पडतो, हे आपण सगळे जाणतो. पण पुढची खेप निघण्याआधी एवढे जरूर करावे:

१. ट्रॉलीच्या आणि बैलगाडीच्या मागे लाल, बाजूंना पिवळी रेडियम पट्टी लावावी. ऊस भरल्यावर ती झाकली जात नाही ना, हे दहा पावले मागे जाऊन टॉर्चच्या उजेडात पाहावे. दर आठवड्याला फडक्याने पुसावी.

२. फळीबाहेर लोंबणारा ऊस भरू नये. लोंबत असेलच तर टोकाला लाल कापड आणि रेडियम बांधावे.

३. ट्रॅक्टरचे दोन्ही दिवे आणि मागचा लाल दिवा चालू असावा. ट्रॉली जोडणीची पिन आणि साखळी रोज तपासावी.

४. वाहन बंद पडले तर ते डांबराच्या पूर्ण बाहेर घ्यावे. ते शक्य नसेल तर पन्नास पावले मागे रेडियमचा त्रिकोण ठेवावा आणि माणूस उभा करावा. दगड लावले असतील तर निघताना उचलावे.

५. ड्रायव्हर किती तास जागा आहे हे मालकाने विचारावे. पेंगत असेल तर खेप राहू द्यावी.

६. ट्रॅक्टर चालू असताना साउंड बंद, मोबाईल खिशात.

७. लहान मुलांना चालत्या ट्रॉलीपासून दूर ठेवण्याविषयी शाळेत आणि चावडीवर सांगावे.

यातील एकही गोष्ट सभासदाच्या कुवतीबाहेरची नाही. आपण कालव्याच्या एका पाळीसाठी रात्रभर दारे धरून जागतो, पाण्याचा थेंब वाया जाऊ देत नाही. तेवढेच लक्ष रस्त्यावर दिले तर पुष्कळ घरांची राखरांगोळी टळेल.

मी आता ट्रॉली रात्री बंद पडली की "सकाळी बघू" म्हणत नाही. स्वेटर चढवतो, टॉर्च घेतो आणि जातो. आपणही जावे, एवढीच विनंती.